अलीकडच्या वाचनात असं काय सापडलं, ज्यानं तुमच्या रोजच्या जगण्यात थोडा फरक पडला?

मला सापडलं ते आमच्याच बेळगावातलं, रिसालदार गल्लीतलं. तिथल्या भाटे वकिलांच्या घरी ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद उतरले होते, हे बेळगावात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. घरासमोरून जाताना हात जोडायचे आणि गाडी पुढं काढायची, एवढाच माझा त्या इतिहासाशी संबंध.

या पावसाळ्यात त्या घरातल्या मुलाच्या आठवणी वाचल्या. हे गो. स. भाटे पुढं प्राध्यापक झाले, पण तेव्हा शाळकरी पोर. कोल्हापूरहून चिठ्ठी घेऊन एक संन्यासी सकाळी दारात येतो. जेवण झाल्यावर पान-सुपारी मागतो, मग खायला तंबाखूही. घरची मंडळी चाट! संन्याशाला तंबाखू कशाला लागते? मला तर ही तंबाखूच आधी आवडली. फोटोतला माणूस एकदम ओसरीवर येऊन बसल्यासारखा वाटला.

पण खरी गंमत पुढं आहे. वडील जुन्या वळणाचे, मुलाकडून पाणिनीची अष्टाध्यायी, म्हणजे संस्कृत व्याकरणाची सूत्रं, पाठ करून घेत होते. पाहुण्यासमोर त्याला म्हणायला लावलं, तर घोकघोक घोकलेलं असूनही तो चुकला. स्वामीजींनी हसत हसत चूक दुरुस्त केली. मुलगा पार खजील. इतक्या वर्षांनी लिहितानाही त्याला ते आठवतंय, यातच सगळं आलं.

नंतर स्वामीजी बेळगावातल्याच हरिपद मित्र या वन अधिकाऱ्यांकडे राहायला गेले. या हरिपदबाबूंनीही आठवणी लिहून ठेवल्यात. बोलता बोलता स्वामीजींनी डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या इंग्रजी कादंबरीतली दोन-तीन पानं जशीच्या तशी म्हणून दाखवली. किती वेळा वाचलंत, तर म्हणे दोनदा, एकदा शाळेत आणि पुन्हा पाच-सहा महिन्यांपूर्वी. हे कसं जमतं, यावर त्यांनी सांगितलेल्या कारणांत पहिलं मनाची एकाग्रता. दुसरं ब्रह्मचर्य, आता माझा दुसरा मुलगा दहावीत आहे, तेव्हा पहिल्यावरच भागवायचं ठरवलं.

मुलांच्या नजरेतून इतिहास वाचायचा नादच लागला मग. १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव. तिथं स्वागतगीत गाणाऱ्यांत अकरा वर्षांची गंगूबाई हनगल होती, पुढं मोठी शास्त्रीय गायिका झालेली. तिला धाकधूक गाण्याची नव्हती. आपल्या जातीमुळं जेवणानंतर आपल्याला जागा साफ करायला लावतील की काय, याची होती. टिळकवाडीत त्या अधिवेशनासाठी खणलेली विहीर मी लहानपणापासून बघतोय, पण ही पोर माझ्या डोळ्यांसमोर कधीच आली नव्हती.

आता फरक काय पडला ते. रात्री एकच पान वाचतो, पुस्तक मिटतो आणि काय वाचलं ते बायकोला सांगतो. फोन आतल्या खोलीत. पहिल्या दिवशी तीन वाक्यांत संपलं, चौथं सुचेना. ती म्हणाली, “एवढंच होतं व्हय त्या पानावर?” अजूनही निम्म्या वेळा तसंच होतं. स्मरणशक्ती वगैरे काही वाढलेली नाही, पण वाचताना मध्येच दुसरीकडे भरकटलो की आता कळतं तरी.

गेल्या आठवड्यात जोर आला म्हणून हरिपाठ पाठ करायला घेतला. सत्तावीस अभंग, त्यातले चार कसेबसे झाले. पाचवा आईसमोर म्हणायला लागलो. ती पेपर पसरून मेथी निवडत बसली होती. “योगयाग विधी...” म्हणालो आणि अडलो. बाजूला पुस्तक होतं, हात तिकडं गेला.

“पुस्तक कशाला पायजे रे,” मान वर न करता ती म्हणाली, “येणें नोहे सिद्धी. म्हण की पुढं.”

ती शाळेत तिसरीपर्यंतच गेली. हसत होती की नाही ते दिसलं नाही, मेथीच्या ढिगात बघत होती. भाट्यांच्या पोराला त्या दिवशी काय वाटलं असेल, ते मला मात्र नीट कळलं.