वाचकांचे प्रश्न : स्वरयंत्र काढल्यानंतरचे दिवस

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी दोन वर्षांपूर्वी त्यांनी रेडिएशन घेतले होते. आजार उलटल्यामुळे अडीच महिन्यांपूर्वी त्यांचे स्वरयंत्र पूर्ण काढावे लागले. दहाव्या दिवशी टाक्यांजवळून लाळ गळू लागली आणि महिनाभर नाकातील नळीनेच आहार द्यावा लागला. आता जखम भरली असून ते मऊ भात, पेज घेतात. परंतु गळ्यातील छिद्रातून चिकट खपल्या निघतात, जेवणाचा वास येत नाही असे ते पाटीवर लिहून दाखवतात आणि उन्हाळ्यातही शाल पांघरून पडून राहतात. शस्त्रक्रियेत काही चुकले का?

उत्तर : लाळ गळाली म्हणजे शस्त्रक्रिया चुकली, असा निष्कर्ष आपण काढू नये. स्वरयंत्र काढल्यावर घशाची नळी पुन्हा शिवावी लागते आणि दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होणारी लाळ त्याच ताज्या शिवणीवरून खाली उतरत असते. रेडिएशन झालेल्या भागाचा रक्तपुरवठा मंदावलेला असल्यामुळे तेथील टाके सावकाश जुळतात. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी १८७३ साली कॅन्सरसाठी पहिले स्वरयंत्र काढले, तेव्हापासून आजवर ही गळती हमखास टाळता येईल असा उपाय सापडलेला नाही. तोंडाने काही न देणे, ड्रेसिंग आणि नळीतून पुरेशी प्रथिने एवढ्यावर बहुतेकांची जखम भरते, तशी ती आपल्या वडिलांचीही भरली.

खपल्यांचे कारण वेगळे आहे. हवा गाळणे, कोमट करणे आणि ओलसर करणे ही नाकाची कामे आता कोणीच करत नाही, कारण श्वास थेट मानेतील छिद्रातून आत जातो. कोरड्या हवेने कफ वाळतो आणि त्याचीच खपली बनते. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात दिवसातून काही वेळा सलाईनचा नेब्युलायझर द्यावा आणि छिद्रावर ओलसर सुती कापडाचा पडदा बांधावा. छिद्रावर बसवायचे ओलावा धरणारे फिल्टर परवडत असतील तर ते अधिक चांगले. सकाळी नेब्युलायझर झाल्यावर आरशासमोर, टॉर्चच्या उजेडात, मऊ झालेली आणि डोळ्यांना दिसणारी खपलीच बोथट चिमट्याने काढावी. वाळलेली ओढली की खालची त्वचा सोलवटते आणि रक्ताची रेघ दिसते. मात्र ताजे रक्त वाहू लागले किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणखी एक गोष्ट घरच्यांनी प्रेमाने शिकवायची असते : खोकला आला की हात सवयीने तोंडाकडे जातो, कफ मात्र मानेतून उडतो, रुमाल तेथे धरावा लागतो.

वासाची जाणीव नष्ट झालेली नाही, हवाच नाकात शिरत नाही. चारचौघांत जांभई दाबताना आपण जसे ओठ मिटून जबडा खाली नेतो, तसे पाच-सहा वेळा केले की थोडी हवा नाकातून आत ओढली जाते. फोडणी देताना त्यांना स्वयंपाकघरात बसवावे आणि हा सराव करून घ्यावा.

शाल आणि दिवसभराचे पडून राहणे यांना केवळ उदासी म्हणून सोडून देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. स्वरयंत्रासोबत बऱ्याचदा थायरॉईडचा एक भाग काढला जातो, त्यात आधी रेडिएशन झालेले. अशा रुग्णांत थायरॉईड मंदावणे अगदी नेहमीचे आहे, आणि तसे झाले की थंडी वाजते, मरगळ येते. थायरॉईडचे काम कळण्यासाठी टीएसएच ही रक्ताची तपासणी याच आठवड्यात करावी. उदासी असेल तर तिचेही उपचार होतात, पण आधी रक्त तपासावे.

आवाजासाठी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये झडप बसवण्याबाबत, अथवा गळ्याला लावायच्या विजेच्या यंत्राबाबत, स्पीच थेरपिस्टना विचारावे. पुढे घास अडकू लागला तर घसा आखडल्याची किंवा आजार परतल्याची शक्यता तपासावी लागते, म्हणून ठरलेली तपासणी चुकवू नये.

अंघोळीच्या वेळी पाण्याची धार छातीखालीच ठेवावी. नदीत किंवा विहिरीत उतरणे कायमचे बंद. आणि त्यांच्या खिशात एक चिठ्ठी असू द्यावी, कारण अनोळखी माणूस घाईत ऑक्सिजनचा मास्क तोंडावरच लावतो : ‘मी मानेतून श्वास घेतो. ऑक्सिजन मानेच्या छिद्रावर द्या.’