कृष्णेच्या पात्रातून ट्यूबवर बसून तरंगत जाणे कितपत सुरक्षित आहे?

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन औदुंबरपासून सांगलीपर्यंत कृष्णेतून ट्यूबवर बसून येण्याचा बेत करावा का, असे आपण विचारले आहे. मी सांगलीचाच, याच नदीत पोहायला शिकलो. तरीही माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

मगरींचे कारण आपल्याला कोणीही सांगेल, आणि ते खरेच आहे. औदुंबर, भिलवडी, ब्रह्मनाळ या पट्ट्यात मगरींचा वावर असून माणसांवर हल्लेही झालेले आहेत. उन्हाळ्यात मादी काठच्या मातीत घातलेल्या अंड्यांची राखण करीत असते आणि मुलांच्या सुट्ट्याही नेमक्या त्याच दिवसांत येतात.

मला मात्र त्याहून अधिक धास्ती बंधाऱ्यांची वाटते. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात, त्यामुळे वरच्या अंगाला नदी इतकी संथ होते की ट्यूब आपणहून फारशी सरकतच नाही. आपल्या वाटेत डिग्रजचा बंधारा आहे. अशा बंधाऱ्यावरून पाणी सांडत असताना नीट पाहिले, तर खाली पडलेले पाणी तळाशी जाऊन वर उसळते आणि पुन्हा भिंतीकडेच वळते, असे दिसते. त्यात सापडलेला ओंडका बुडतो, वर येतो, पुन्हा आत ओढला जातो आणि तिथल्या तिथेच फिरत राहतो. माणसाचीही तीच गत होते आणि लाइफ जॅकेट असले तरी त्यातून सुटणे अवघड असते. ट्यूब तर वळवता येत नाही आणि थांबवताही येत नाही.

शिवाय टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांसाठी कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून उन्हाळ्यातही पाणी सोडतात. एक जनित्र चालू असल्यास १०५० क्युसेक आणि दोन्ही चालू असल्यास २१०० क्युसेक पाणी नदीत येते, म्हणून काल पाहिलेली नदी आज तशीच असेल असे गृहीत धरू नये.

मुलांना पाणी आणि जंगल दोन्ही दाखवायचे असेल, तर साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जावे. तिथून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोटीने वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी जाता येते. हा सगळा परिसर कोयना अभयारण्याचा, म्हणजे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा असल्यामुळे वन विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते आणि संध्याकाळच्या आत परतावे लागते. पाण्यात उतरण्याचा मोह तिथेही टाळावा, कारण जलाशय खोल आहे. वासोट्याची चढण खडी आहे आणि मे महिन्यात ती लहानांना सोसवत नाही. तेव्हा या सुट्टीत नुसती बोटीची फेरी करावी आणि गडासाठी डिसेंबरात पुन्हा यावे. साताऱ्यापर्यंत जाणे जमणार नसेल, तर देवराष्ट्र्याजवळचे सागरेश्वर अभयारण्य आपल्याला जवळ पडेल. तिथे सकाळी लवकर पोहोचल्यास चितळ व सांबर दिसण्याची शक्यता अधिक असते.