पॅलेडियमच्या कॅनव्हास बुटांचा ‘लष्करी वारसा’ खरा आहे का? मराठवाड्यात शेतात वापरायला घ्यावेत का?

वारसा खरा आहे. फ्रेंच फॉरेन लीजनच्या, म्हणजे फ्रान्सच्या परदेशी सैनिकांच्या पलटणीच्या, जवानांच्या पायात उत्तर आफ्रिकेत हे बूट होते. तसले बूट बनवणारी पॅलेडियम ही एकटी कंपनी नव्हती, पातोगास ही दुसरी फ्रेंच कंपनी १९५० पासून होतीच. पण दुकानदार लीजनची गोष्ट सांगतो आणि कामाची गोष्ट राहून जाते. पॅलेडियमचा वारसा टायरचा आहे. कंपनी १९२० ची, फ्रान्समधल्या लिऑनकडची. विमानांचे टायर करायची: कापडाचे पट्टे, वर रबर, पुन्हा कापड, आणि मग उष्णतेने सगळं एकजीव. दुसरं महायुद्ध संपल्यावर विमानांच्या टायरची मागणी घसरली, तेव्हा १९४७ मध्ये पाँ-द-शेरुईच्या कारखान्यात तीच विद्या बुटांना लावली. त्यातून ‘पांपा’ हा बूट आला.

ही विद्या समजली नाही तर बूट वापरताही येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. असा बूट फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवतात तेव्हा त्याचं रबर कच्चं असतं. कॅनव्हासवर सोल बसवायचा, कडेने रबराची पट्टी फिरवायची, पुढे रबराची टोपी लावायची आणि अख्खा बूट फर्म्यासकट भट्टीत साधारण ११० ते १२० अंशांवर तासभर ठेवायचा. रबरात मिसळलेलं गंधक त्या उष्णतेत रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधतं, आणि विणीत शिरलेलं रबर तिथेच पक्कं होतं. सुती कापड ही उष्णता सोसतं, शिवाय ओलं झालं की कमजोर पडत नाही. उलट धागा फुगतो आणि वीण घट्ट होते. कडेची पट्टी शोभेची नाही, सोल आणि कापड तिनेच धरलेले असतात.

आता तुमच्या शेताकडे येतो. गेल्या पावसाळ्यात परभणीकडून एक जोड दुरुस्तीला आला. उजव्या बुटाची पट्टी चवड्याच्या घडीपाशी चार बोटं सुटलेली. वरची कड कुरतडल्यासारखी. चिखल काढायला खुरपं वापरलं होतं, त्याचं टोक पट्टीखाली गेलं. काळी माती ओली असताना नक्षीच्या खाचांत अशी ठासून बसते की दहा पावलांत बूट दुप्पट जड होतो. वाळू झडते, आपली माती झडत नाही. वाळवंट झेललेला बूट इथे पट्टीपाशी हार खातो, तो असा.

हा बूट त्याआधी दोनदा दुरुस्त झालेला होता. पहिल्यांदा झटपट चिकटणारा गोंद घातलेला. तो काचेसारखा कडक झाला आणि चालताना घडी पडते तिथेच तडकला. दुसऱ्यांदा शिवण. पट्टीला आरपार, अडीच-तीन मिलिमीटरवर एक, असे आरीचे टोचे. तिकिटांच्या कागदाला भोकांची रेघ असते तशीच ती झाली आणि पट्टी बरोबर त्या रेघेवर फाटली. भोकांतून पाणी आत गेलं, दोरा कुजला, आतला कॅनव्हास हिरवट पडला. संभाजीनगरच्या गुलमंडीत विचारा की लातूरच्या गंजगोलाईत, ‘शिवून घ्या, टिकतं’ हेच कानावर येतं. जाड कपासारखा सोल असेल, त्याला शिवणीसाठी मुद्दाम खाच दिलेली असेल, तर शिवण बरोबर आहे. भट्टीत चिकटवलेल्या पातळ पट्टीला आरी लावणं म्हणजे बूट हाताने मारणं. हे मी कितीदा बोललो आणि कितीदा लोकांनी हसण्यावारी नेलं. ती फाटलेली रेघ बघा म्हणजे झालं.

तो जोड नीट झाला तो असा. जुना गोंद चाकूच्या बोथट पाठीने खरवडला. बूट धुऊन सावलीत दोन दिवस वाळवला, कारण वरून कोरडा दिसणारा कॅनव्हास आत ओल धरतो आणि ओलीवर सोल्यूशन धरत नाही. रबर आणि कापड दोन्ही ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरखरीत केले, थिनरच्या फडक्याने पुसले. बूट दुरुस्तीचं निओप्रीनचं सोल्यूशन घेतलं. कापडाला पहिला हात पातळ, तो पिऊन जातो. वीस मिनिटांनी दोन्ही बाजूंना दुसरा हात. बोट लावलं तर चिकटलं पाहिजे पण तार निघता कामा नये, इतकं सुकू द्यायचं. घाईत ओलं असताना दाबलं तर आत थिनर कोंडतो आणि आठवड्यात पट्टी पुन्हा सुटते. मग हेअर ड्रायरची ऊब देऊन चवड्याकडून टाचेकडे दाबत न्यायचं, हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळून चोवीस तास सोडायचं. शिवणीच्या भोकांवर आतून पातळ रबराची ठिगळं लावली. हा सांधा भट्टीतल्या जोडाइतका पक्का होत नाही, पण आरीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

वापरताना चिखल ओला असताना पाणी मारू नका, बारीक माती विणीत शिरते. वाळू द्या, लाकडी काडीने खाचा मोकळ्या करा, मग ब्रश. धुवायचाच असेल तर हाताने, गार पाण्यात. ब्लीचने सूत कमजोर होतं. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा, दर दोन-तीन तासांनी कागद बदला. चुलीजवळ किंवा तापल्या पत्र्यावर वाळवलेल्या बुटाचं रबर कडक होऊन घडीवर चिरतं. पाणी अडवायला कॅनव्हासला मेण चोळतात, ते चालेल, फक्त पट्टीपासून बोटभर वरच थांबा. मेणावर पुढे कोणतंच सोल्यूशन धरत नाही.

घेताना नावावर जाऊ नका. कंपनी नंतर अमेरिकेच्या के-स्विसकडे गेली आणि आजचे जोड आशियात बनतात. त्याच नावाखाली वेगवेगळ्या बांधणीचे बूट येतात. सोल रबराचा की पॉलियुरेथेनचा, ते विचारा. पॉलियुरेथेन दमट हवेत न वापरताही काही वर्षांत आतून भुगा होतो. कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा सोल पहिल्याच दिवशी गळतो तो यामुळेच.

रब्बीची पेरणी, हरभऱ्याची राखण, कोरड्या बांधावरची हिंड-फिर, यासाठी खुशाल घ्या. उन्हाळ्यात चामड्यापेक्षा पाय कमी उबतो. पण तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या धसकटांत जपून. सोल जाड असला तरी बाजूचं कापड धसकट सहज भेदतं, बाभळीचा काटा तर भेदतोच.

आणि दोन कामांना हे बूट अजिबात नकोत. एक फवारणी: कॅनव्हास औषध पितो आणि ते दिवसभर कातडीला लागून राहतं. दुसरं, रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला जाणं. घोणशीचे दात लांब असतात, कापडाने अडत नाहीत. तिथे गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातात बॅटरी.