पंचांग शोधताना

“ताई, घरच्या कॉम्प्युटरवर मी काय शोधलं ते बाकीच्यांना कळतं का हो?”

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडून येतो. नोकरी बदलायचा विचार करणारा मुलगा विचारतो, माहेरी परत जावं का या विचारात अडकलेली बाई विचारते, छातीत दुखतंय पण घरी सांगायचं नाही असे साठीतले गृहस्थही विचारतात. त्यातली एक हकीकत तिच्या परवानगीने, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

मीनल, वय 34. बडोद्यात दांडिया बाजारात जुनं घर, सासू-सासरे, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा नवरा, पाचवीतला मुलगा. हॉलमध्ये खिडकीशी एक डेस्कटॉप, सगळ्यांचा मिळून. मीनलला काही महिन्यांपासून पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके, येत होते. त्यासाठीच ती माझ्याकडे आली, पण पहिला पाऊण तास ती त्या कॉम्प्युटरबद्दलच बोलत होती. “तो हॅक झालाय, ताई. त्याला माझं सगळं माहीत आहे.”

झालं होतं असं. एका संध्याकाळी सासरे पंचांग बघायला बसले. इंग्रजीत पी, ए, एन एवढी तीनच अक्षरं टाइप केली, आणि खाली पंचांगाच्या वर ओळ आली, ‘पॅनिक अटॅक लक्षणं’. बाजूला शांत झोपेच्या गोळ्यांची जाहिरात, दोन दिवसांपूर्वी मीनलने पाहिलेल्या त्याच गोळ्यांची. सासूबाई चहा घेऊन मागे उभ्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, “अहो, हे काय असतं? कोणाला झालंय?” मीनल स्वयंपाकघरात होती. हातातली सांडशी खाली पडली, एवढंच तिला आठवत होतं. त्या रात्री ती झोपली नाही, आणि पुढचे पंधरा दिवस तिने आजाराबद्दल वाचणंच बंद केलं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. मदत शोधणारं माणूस शोधायचंच थांबलं होतं.

अशा वेळी सेटिंगकडे वळण्याआधी मी एक गोष्ट हमखास विचारते. घरात कोणी हात उगारतं का? फोन हिसकावून बघतं का? कुठे गेलीस, कोणाशी बोललीस याचा रोज हिशोब मागतं का? मीनलचं उत्तर ठामपणे ‘नाही’ होतं. ते ‘हो’ असतं तर मी तिला त्या कॉम्प्युटरला हातच लावू दिला नसता. पाळत ठेवणाऱ्या माणसाला एकदम रिकामी झालेली हिस्टरी, म्हणजे काय शोधलं-पाहिलं त्याची नोंद, हाच पुरावा वाटतो, आणि त्याने लपून काही सॉफ्टवेअर टाकलं असेल तर तुमची प्रत्येक नवी खबरदारीही त्याला दिसते. तिथे विश्वासातल्या मैत्रिणीचा फोन वापरायचा, आणि आमच्या गुजरातेत महिलांसाठीच्या 181 अभयम हेल्पलाइनला फोन करायचा. कुणी वाचणारी त्या जागी असेल तर तिने इथून पुढचं घरच्या मशीनवर करू नये.

मग मी मीनलला विचारलं, “तुला हे नक्की कोणापासून खासगी ठेवायचंय?” ती बराच वेळ गप्प राहिली. ‘सगळ्यांपासून’ म्हणाली, मग ‘कंपन्यांपासून’, आणि शेवटी हळूच, “आईंपासून.” पंधरा दिवस तिच्या मानेवर बसलेल्या भीतीला पहिल्यांदा चेहरा मिळाला.

कॉम्प्युटरमध्ये घुसलेलं कोणीच नव्हतं. विंडोजला एकच खातं होतं, तेही बिनपासवर्डचं, आणि एकच क्रोम, त्यात नवऱ्याचं जीमेल चालू. ब्राउझर आधी शोधलेलं लक्षात ठेवतो आणि दोन-तीन अक्षरांत पुढे करतो. समोर कोण बसलंय हे त्याला कळत नाही. सिंक, म्हणजे एकाच खात्याची उपकरणं आपसात जोडणारी सोय, चालू असल्याने तीच हिस्टरी नवऱ्याच्या फोनवरही जात होती, हे ऐकून ती पांढरी पडली. (त्याने ती कधी उघडूनही पाहिली नव्हती, हे नंतर कळलं.)

जाहिरातीमागे कुकी होती. 1994 मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी, दुकानाच्या साइटला गिऱ्हाइकाची टोपली लक्षात राहावी म्हणून ब्राउझरमध्ये ठेवायची ही छोटी चिठ्ठी काढली. पुढे जाहिरातवाल्यांनी आपल्या चिठ्ठ्या दुसऱ्यांच्या पानांवरून चिकटवायला सुरुवात केली, म्हणून दुकानात पाहिलेली गोळी वर्तमानपत्राच्या पानावर येऊन बसते. आणि कोपऱ्यात टिंग वाजून येणारे ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस’ हे संदेश? सासऱ्यांनी कुठल्याशा बातम्यांच्या साइटवर ‘अलाउ’ दाबलं होतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली आणि संदेश थांबले. असल्या संदेशातल्या नंबरावर कधीही फोन करू नका. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन करा.

मधले काही दिवस मीनल इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, वापरत होती, आणि तो तिला बुरख्यासारखा वाटत होता. इथे फार जणांची फसगत होते. इन्कॉग्निटोची खिडकी बंद केली की त्या मशीनवरची हिस्टरी आणि कुकी जातात, बस. उतरवून घेतलेली फाइल डाउनलोडमध्ये तशीच पडून राहते. इंटरनेट कंपनीला कोणत्या साइटवर गेलात ते दिसतं, आणि त्या साइटलाही तुम्ही आलात हे कळतं. गूगलवर 2020 मध्ये अमेरिकेत याच गैरसमजावरून खटला झाला, आणि 2024 च्या तडजोडीत असा गोळा झालेला मोठा डेटा नष्ट करायचं कंपनीने कबूल केलं. सासूबाईंच्या नजरेपुरतं इन्कॉग्निटो पुरेसं होतं, तेही रोज आठवणीने उघडलं तर.

पण मीनलच्या मनातली गाठ वेगळीच होती. “लपवतेय म्हणजे मी काहीतरी चुकीचं करतेय ना?” मी तिला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांबद्दलची गुप्तता हा रुग्णाचा अधिकार ठरवला. तू मला इथे जे सांगतेस ते मी तुझ्या सासूबाईंना सांगू शकत नाही. मग हॉलमधल्या मशीनने तरी का सांगावं? ती रडली, आणि मग बऱ्याच दिवसांनी मोकळं हसली.

तिसऱ्या भेटीनंतर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मला वाटलं तू माझ्यावर चिडलीयेस.” पुढच्या रविवारी दोघांनी मिळून कॉम्प्युटर मांडीवर घेतल्यासारखा निगुतीने लावला. प्रत्येकाला विंडोजचं वेगळं खातं, प्रत्येकाचा आपला पिन, बाकी सगळी खाती साधी आणि सगळे अधिकार असलेलं प्रशासकाचं (अ‍ॅडमिन) एकच, नवऱ्याकडे. प्रशासकाला ठरवलं तर बाकीच्यांच्या फाइली बघता येतात, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. ते खातं कोणाकडे असावं हा शेवटी विश्वासाचा प्रश्न आहे. उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबायचं, की पडद्याला कुलूप. मुलाने हे सगळ्यात आधी उचललं.

मीनलने आपल्या खात्यात फायरफॉक्स घेतला. 2022 पासून त्यात प्रत्येक साइटच्या कुकी आपापल्या बरणीत राहतात, एकीची दुसरीला मिळत नाही. ट्रॅकिंगपासूनचं संरक्षण ‘स्ट्रिक्ट’वर ठेवलं आणि जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन टाकलं. ते मोफत आहे आणि फायरफॉक्सवर पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमवर आता त्याची हलकी आवृत्तीच मिळते. स्ट्रिक्टमुळे एखादी साइट नीट उघडली नाही तर तेवढ्या साइटपुरतं ते बंद करता येतं. तिने स्वतःच्या जीमेलचा पासवर्ड बदलून दोन पायऱ्यांची पडताळणी लावली. मशीन विंडोज 10 वर होतं, आणि त्याला कंपनीकडून नेहमी मिळणारे सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलेत, म्हणून नवऱ्याने ते 11 वर नेलं. दरवाजाच सडका असेल तर कडी बदलून भागत नाही.

मीनल पुन्हा वाचायला लागली. अटॅक आल्यावर काय करायचं ते तिने लिहून पर्समध्ये ठेवलं, डॉक्टरांकडे नवऱ्यासोबत गेली. आठवड्याला येणारे अटॅक महिना-दीड महिन्यावर गेले. सासूबाईंना तिने अजून सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही, ते ती ठरवेल.

मागच्या भेटीत उठता उठता म्हणाली, आईंनी परवा स्वतःसाठीही वेगळं खातं करून मागितलं, वर गणपतीचा फोटो लावून घेतला, आणि पिन टाकताना तिला तोंड फिरवायला सांगितलं. कशासाठी हवंय, ते मीनलने विचारलं नाही.