मशीन थांबलंय, तरी मोटर का कुंईऽऽ करते?

प्रश्न : घरी नेमप्लेट कोरायला छोटं सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमानं कोरणारं मशीन) जोडलंय, ए४९८८ ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा छोटा बोर्ड) आणि ग्रबल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर). काम थांबलं की मोटरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, मोटर गेली का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : अहो घाबरू नका, थांबलेली स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्यानं फिरणारी, तुमच्या मशीनमध्ये तीच असते) जागा धरून ठेवायला करंट घेतच असते आणि ड्रायव्हर तो करंट भराभर चालू-बंद करून आवरतो, त्याचाच हा आवाज. पण एकाच अ‍ॅक्सिसचा (म्हणजे एकाच दिशेच्या मोटरचा) आवाज जास्त असेल तर सप्लाय पूर्ण बंद करून दोन मोटरींच्या ड्रायव्हरकडच्या वायरी अदलाबदल करा (चालू सप्लायवर अजिबात नको, ड्रायव्हर जळतो), आवाज त्याच मोटरमधून येत राहिला तर मोटर किंवा तिची वायर बघा, आता दुसऱ्या मोटरमधून यायला लागला तर ड्रायव्हर. मोटर जास्तच तापत असेल तर व्हीरेफ (ड्रायव्हरवरचं करंट ठरवणारं व्होल्टेज) मोजून तिथल्या छोट्या स्क्रूनं करंट कमी करा, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. ग्रबलमध्ये डॉलर-१ ($1, थांबल्यावर मोटर किती वेळ धरून ठेवायची ते सांगणारं सेटिंग) ला २५५ असेल तर मोटर कायम लॉक राहते, २५ केलं की थांबल्यावर २५ मिलिसेकंदात सुटते आणि आवाज बंद, पण मग स्पिंडलच्या (कोरणारं टूल फिरवणाऱ्या मोटरच्या) वजनानं झेड (वर-खाली जाणारा अ‍ॅक्सिस) खाली सरकू शकतो, म्हणून मी तरी २५५ च ठेवीन. आवाज नकोच असेल तर ए४९८८ च्या जागी टीएमसी२२०९ हा शांत चालणारा ड्रायव्हर लावा.