हळद काढणी यंत्र: जाळी बसवण्याआधी पास बघा

वसमतकडच्या दादांनी विचारलंय ते थोडक्यात असं. काळी भारी जमीन, पाच फुटी गादीवाफा, बेडवर दोन ओळी एक फुटावर. गावातल्या वर्कशॉपमधून ५० एचपी ट्रॅक्टरमागे चालणारं पासेचं यंत्र करून घेतलं. पास, म्हणजे मातीखालून कापत जाणारं आडवं पातं, २७ इंच लांब, ८ इंच रुंद, मागची कड पुढच्या कडेपेक्षा ५ इंच वर. तक्रारी तीन: गड्डे कापले जातात, बरीच हळद मातीतच राहते आणि मध्येच ट्रॅक्टरची चाकं जागेवर फिरतात. आता मागे बटाट्याच्या यंत्रासारखी साखळीची जाळी जोडावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझं उत्तर: या हंगामात जाळीवर पैसा घालू नका. तिन्ही तक्रारींचं मूळ पासेत, खोलीत आणि वाफशात, म्हणजे मातीतल्या ओलीत आहे. जाळी मातीतून वर आलेला माल चाळते, खाली राहिलेला माल ती वर आणत नाही. आणि कापलेला गड्डा ती जोडणार कसा?

मी मिरज तालुक्यातला. घरी हळद आहे, शिवाय शेड टाकून अवजारांचं वेल्डिंग करतो. २०१६ ला मी तेच केलं होतं जे तुम्ही करायला निघालात. जुनं बटाटा काढणी यंत्र आणलं आणि हळदीत घातलं. ते रेताड रानासाठी बनलेलं होतं. गुजरातेत डीशाकडं बनास नदीच्या वाळूमिश्रित मातीत अशी यंत्रं सुरेख चालतात, माती पाण्यासारखी गजांतून गळते. आमच्या रानात बेडचा अख्खा पापुद्रा लादीसारखा उचलला गेला, जाळीवरून तसाच सरकत मागे पडला आणि गड्डे त्या लादीच्या पोटातच राहिले. दुपारपर्यंत जाळीचे चार गज वाकले. बायांनी शेवटी त्या लाद्या कुदळीनं फोडल्या. यंत्राचा दोष नव्हता, मी माती न बघता यंत्र आणलं होतं.

आता तुमची पास. तुम्ही दिलेल्या मापांतच दोन दोष दिसतात.

पहिला लांबीचा. ओळी १२ इंचांवर. भरणी (मातीची भर) नीट झालेल्या बेडमध्ये गड्डा आणि त्याची हळकुंडं ओळीच्या बाहेर सहा-सात इंच पसरतात. दोन्ही बाजूंचे मिळून १४ धरा, झाले २६. तुमची पास २७ ची, म्हणजे ट्रॅक्टर एक इंचसुद्धा हलायला नको. कुणाच्याही हातात ट्रॅक्टर इतका सरळ चालत नाही, तीन-तीन इंच इकडंतिकडं होतोच. म्हणून पास ३२-३३ इंचांची हवी. कापलेले गड्डे नीट बघा. बहुतेक काप बेडच्या बाहेरच्या अंगाचे आणि उभे असतील, तर ते पासेच्या टोकानं आणि तिच्या उभ्या पट्टीनं केलेले आहेत. काप आडवे, गड्ड्याच्या बुडाला असतील तर दोष खोलीचा. दहा-वीस कापलेले गड्डे हातात घेऊन हे एकदा बघा, अर्धं निदान तिथंच होतं.

दुसरा दोष उताराचा. ८ इंचांत ५ इंच चढ म्हणजे पास तीस अंशांच्याही वर उभी आहे. अशी पास माती उचलत नाही, पुढं रेटते. पुढं मातीचा ढीग साचतो, बेड फुगतो, त्यात गड्डे एकमेकांवर दाबून मोडतात आणि ओढ वाढते. ८ इंचांत अडीच ते तीन इंच चढ पुरे, म्हणजे वीस अंशांच्या आतबाहेर. हे माप यंत्र ओट्यावर ठेवून घेऊ नका. टॉप लिंक (अवजाराला ट्रॅक्टरशी जोडणारा वरचा दांडा) आवळली किंवा सैल केली की उतार बदलतो. यंत्र रानात कामाच्या खोलीला टेकवा, बाजूची माती काढा आणि मग मोजा.

चाकं फिरण्याबद्दल. बरेच जण लगेच म्हणतील, मोठा ट्रॅक्टर घ्या. ढोबळ हिशेब करून बघा. पास ३३ इंच म्हणजे ८४ सेंमी, खोली ९ इंच म्हणजे २३ सेंमी. कापायच्या मातीचा छेद झाला साधारण १,९०० चौरस सेंमी. वाफशातल्या बेडला चौरस सेंमीमागे अर्धा किलो ओढ धरली तर साडेनऊशे किलो. ताशी दोन किलोमीटर वेगानं एवढी ओढ ओढायला सात-आठ एचपी लागतात. तुमच्या ५० एचपीला ते काहीच नाही. कमी पडते ती चाकाची पकड. मागच्या टायरमध्ये पाणी भरा, चाकाला वजनं लावा, उतार कमी करा, धार लावा. पण रान वाळून कडक झालं असेल तर हीच ओढ दुप्पट होते. तेव्हा वजनानंही भागत नाही, आधी ओल लागते.

खोली कशी ठरवायची? यंत्र घालण्याआधी रानात पाच ठिकाणी एकेक गड्डा कुदळीनं, अंगाला धक्का न लावता उकरा. बेडच्या माथ्यापासून सर्वांत खालचं हळकुंड किती खोल आहे ते काठीवर खूण करून मोजा. आमच्याकडं बहुधा सहा ते आठ इंच येतं. पास त्या खुणेच्या दोन इंच खालून गेली पाहिजे. त्याहून खोल घालाल तर उगाच जास्त माती उचलाल.

आता एक गोष्ट, जिच्याकडं कुणाचंच लक्ष जात नाही. ट्रॅक्टरच्या लिफ्टला दोन लिव्हर असतात, एक पोझिशनची, अवजार ठरल्या उंचीवर धरणारी, आणि एक ड्राफ्टची, ओढीप्रमाणे ते वरखाली करणारी. नांगरटीनंतर ड्राफ्टची लिव्हर तशीच राहिली तर कडक पट्टा लागला की हायड्रॉलिक आपोआप अवजार वर उचलतं. नांगराला ते चालतं. हळदीत त्याच जागी पास दोन इंच वर येते आणि सलग दहा फूट गड्डे बुडातून कापत जाते. पुढं मऊ माती लागली की परत खाली. तुमच्याकडं काही पट्ट्यात माल अखंड आणि काही पट्ट्यात सगळा कापलेला असं होत असेल, तर मला पहिला संशय याचाच आहे. काम पोझिशनवर करा. त्याहून चांगलं म्हणजे यंत्राला दोन्ही बाजूंना खोलीची चाकं बसवा, सरीत चालणारी, स्क्रूनं वरखाली होणारी. माझ्या मते बाकी सगळ्याच्या आधी करायची सुधारणा हीच.

पासेच्या लोखंडाबद्दल थोडंच सांगतो. साधी एमएस (माइल्ड स्टील) पट्टी काळ्या रानात लवकर बोथट होते. ट्रकच्या जुन्या पाट्याची, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीची, पास टिकते. धार वरून घासा, खालची बाजू सपाट राहू द्या, म्हणजे ती खोलीला धरून चालते. सरळ पासेपेक्षा मध्यभागी किंचित पुढं आलेली, पसरट व्हीसारखी पास चांगली, पाल्याची खुंटं आणि मुळ्या कडेला सरकून निघतात, अडकून बसत नाहीत.

पासेच्या मागे जाळीऐवजी आधी गज लावा. १६ मिमीचे, दीड फूट लांब, मध्ये सव्वा इंच फट, टोकाकडं हळूहळू वर चढणारे आणि टोकाला मोकळे. मागची टोकं आडव्या पट्टीनं जोडू नका, तिथंच कचरा अडतो. उचललेली लादी या गजांवरून जाताना वाकते, वाकली की तडकते आणि तडकली की गड्डा मोकळा होतो. यात फिरणारा भाग एकही नाही. माझ्या यंत्रात सर्वांत जास्त फरक या गजांनी पडला.

पुढची पायरी हवी असेल तर हलणारी पास. पीटीओवरून (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवरून) एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकवून बसवलेली चकती, घेऊन पास मागेपुढे हलवायची. ओढ चांगलीच घटते आणि मातीही फुटते. पण यातलं गणित वर्कशॉपवाले सांगत नाहीत. पास पुढं जाण्याचा तिचा स्वतःचा वेग ट्रॅक्टरच्या वेगापेक्षा जास्त असला तरच उपयोग. एक्सेंट्रिक १० मिमी आणि फेरे मिनिटाला ५४० असतील, तर पासेचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला ५६ सेंमी येतो, म्हणजे ताशी दोन किलोमीटर. ट्रॅक्टर त्याहून जोरात चालवला की पास मातीपासून सुटतच नाही, नुसती बोल्ट सैल करत राहते. ‘हलणारी पास घेतली पण फरक नाही’ असं म्हणणाऱ्या दोघांना मी फक्त गिअर उतरवायला सांगितला होता, काम झालं.

वाफशावर मात्र सविस्तर लिहितो, कारण आपल्या काळ्या रानात यंत्र बरं की वाईट हे बऱ्याचदा वाफसाच ठरवतो. पाला पिवळा पडून वाळला की जमिनीलगत कापायचा, ठिबकच्या लॅटरल (नळ्या) गुंडाळून बाहेर काढायच्या, मग दहा-पंधरा दिवस रान तसंच ठेवायचं. इथवर सगळे करतात. पुढं तारीख बघून यंत्र घालतात, तिथं चुकतं. वीतभर खोलीची माती मुठीत घ्या आणि दाबा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर त्याच दिवशी काढा. पडल्यावर चपटा झाला किंवा हाताला चिकटला, तर थांबा, नाहीतर लाद्या निघतील. गोळाच होत नसेल, ढेकूळ नखानं फुटत नसेल, तर लॅटरल गुंडाळण्याआधीच ही परीक्षा घ्यायला हवी होती. आता पाटानं किंवा स्प्रिंकलरनं हलकं पाणी द्या आणि परत रोज मूठ दाबून बघा. किती दिवस लागतील ते रानागणिक वेगळं. एकाच शेतात बांधाकडची माती आज तयार असते आणि खोलगट कोपरा चार दिवसांनी. तो कोपरा सोडून काढायला काय हरकत आहे? ट्रॅक्टर भाड्याचा असतो म्हणून आपण एका दिवसात सगळं उरकायला बघतो आणि नुकसान तिथंच होतं.

जाळीचा विचार पुढच्या वर्षी करायचाच झाला, तर तीन गोष्टी धरा. गजांमधली फट इंच ते सव्वा इंच. जाळीचा वेग ट्रॅक्टरच्या वेगापेक्षा थोडाच जास्त, सव्वापटीच्या आत. आणि माल जाळीच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत थोड्या मातीवर राहिला पाहिजे. ती माती गादीचं काम करते. पुढच्याच भागात सगळी माती गळाली, की उरलेल्या वाटेवर गड्डे उघड्या लोखंडावर उड्या मारतात आणि हळकुंडं मोडतात. मागून पडण्याची उंची वीतभरच ठेवा.

बेण्याचा प्लॉट यंत्रानं काढू नका, निदान यंत्र बसेपर्यंत तरी नको. शिजवायच्या हळदीला काप पडला तर भाव थोडा कमी येतो. बेण्याच्या गड्ड्याला काप पडला तर तिथूनच कूज लागते आणि ढिगातले शेजारचे गड्डेही जातात. ५० ग्रॅमच्या वरचा, अखंड, डोळे न दुखावलेला गड्डा आपल्याला हवा असतो, तो कुदळीनंच नीट निघतो.

आणखी एक. मे महिन्यात बेड पाडताना ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचं मधोमध अंतर मोजा. बेड पाच फुटी आणि चाकं साडेचार फुटांवर असतील, तर काढणीच्या वेळी चाक बेडच्या खांद्यावर चढतं आणि कडेचे गड्डे पास पोचण्याआधीच चिरडले जातात. चाकं उलटी बसवून अंतर वाढवता येतं. जुन्या सरी-वरंब्याच्या रानात हे यंत्र नीट बसतच नाही, त्यावर वेगळं लिहीन.

हलणारी पास किंवा जाळी लावलीत तर पीटीओच्या शाफ्टवर कव्हर असल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. वेचणाऱ्या बाया मागे चालत असतात, वाऱ्यानं पदर उडतो. वेचणी यंत्राच्या शेजारच्या नाही, एक ओळ सोडून पलीकडच्या ओळीत लावा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार.

आता तुमच्याकडून मला तीन वजनं हवीत. यंत्र फिरून वेचणी झाल्यावर बेडची दहा फूट पट्टी आखा. वेचलेला अखंड माल, वेचलेला कापलेला माल, आणि मग तीच पट्टी कुदळीनं फूटभर खोल उकरून निघालेला माल, अशी तीन वजनं वेगवेगळी करा. शेताच्या तीन ठिकाणी करा. पाच फुटी बेड असेल तर एकरात ८,७०० फुटांच्या आसपास बेड बसतो. एकरी १२० क्विंटल ओली हळद धरली, तर दहा फुटांत १४ किलो माल यायला हवा. खाली ७०० ग्रॅम सापडले तर पाच टक्के राहिले, म्हणजे एकरी सहा क्विंटल ओली, वाळून सव्वा क्विंटलच्या आसपास. तुमच्या बाजारभावानं गुणा, म्हणजे पास बदलण्याचा खर्च परवडतो की नाही हे लगेच कळेल.

ही वजनं आणि कापलेल्या गड्ड्यांचा एक फोटो टाका, काप नीट दिसेल असा. त्यावरून पासेचं माप काढून देतो, ते वर्कशॉपवाल्याला दाखवा.