परदेशात इंग्रजी शिकवायचंय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी लातूरची. बी.ए. (इंग्रजी), बी.एड. सात वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते, पण माझं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. एक एजंट थायलंडच्या शाळेत नोकरी लावून देतो म्हणतो. ‘आधी पर्यटक म्हणून जा, व्हिसाचं तिथे बघू,’ असं त्याचं म्हणणं. इंग्रजी मातृभाषा नसताना परवाना मिळतो का?

उत्तर : मिळतो. मीही मिरजेच्या मराठी शाळेतलीच, आणि ईशान्य थायलंडात खोन केनजवळच्या शाळेत सहा वर्षं शिकवून आले. आमच्या शिक्षकखोलीत सगळ्यात जास्त फिलिपिनो होते. जन्मापासून इंग्रजी बोलणारा एकच, तोही वर्षभरात निघून गेला.

कागद मात्र तीन लागतात आणि ते तीन ठिकाणांहून येतात. पहिला ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा; शाळेच्या पत्राशिवाय तो होत नाही. सुरुवातीला 90 दिवसांचा, मग तिथल्या इमिग्रेशनकडून वर्षाची मुदतवाढ. दुसरा कामाचा परवाना, कामगार मंत्रालयाकडून. तिसरा शिक्षकाचा परवाना, तो ‘खुरुसफा’ ही तिथली शिक्षक परिषद देते. हा शब्द म्हणजे आपली गुरुसभाच! शिक्षकाला थाईत ‘ख्रू’ म्हणतात, आणि ‘वाय ख्रू’ हा गुरुवंदनेचा सोहळाही बहुतेक शाळांत गुरुवारीच होतो.

या गुरुसभेपुढे तुमचं बी.एड. फार कामाचं. नुसती पदवी असलेल्यांना ठरावीक मुदतीची तात्पुरती परवानगी मिळते आणि मुदत संपत आली की त्यांची धावपळ सुरू होते. बी.एड.वाल्याला पूर्ण परवान्यासाठी अर्ज करता येतो. मातृभाषेचा प्रश्न येतो तो परीक्षेपुरता. सहसा ‘टोइक’ या इंग्रजीच्या परीक्षेचे 990 पैकी किमान 600 गुण मागतात. ऐकणं आणि वाचणं, दोन तास, 200 प्रश्न. सात वर्षं व्याकरण शिकवणाऱ्या बाईंना वाचनाची भीती नको, ऐकण्याचा सराव तेवढा करा. निकाल दोनच वर्षं धरतात, म्हणून परीक्षेची घाई करू नका.

पदवीच्या साक्षांकनाला आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग थाई दूतावास अशी रांग आहे. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. माझं घोडं अडलं नावापाशी. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. त्यात आपलं विद्यापीठ आडनाव आधी छापतं. तिथल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटल्या, आणि मला त्याचा रागही आला नाही. विवाह नोंदणीचा दाखलाही पदवीबरोबरच साक्षांकित करून ठेवा.

आता तुमचा एजंट. पर्यटक म्हणून गेल्यावर तिथे व्हिसा बदलून घेता येतो हे खरं, पण शाळेचे कागद तयार असतील तरच. आणि कामाचा परवाना हातात पडेपर्यंत एक तासही शिकवायचं नाही. ते बेकायदा आहे. ‘तिथे बघू’ म्हणणाऱ्याला शाळेचं नाव विचारा, मग त्या शाळेला स्वतः फोन करा. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंदणी आहे का तेही पाहा. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. मी उगाच घाबरवत नाही. थायलंडची नोकरी म्हणून नेलेली कितीतरी आपली पोरं सीमेपलीकडे, म्यानमारच्या म्यावाड्डीत, ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकली. मार्च 2025 मध्ये त्यातल्या पाचशेहून जास्त जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं.

एक चूक माझी, तुम्ही करू नका. ऑक्टोबरात तिथल्या शाळांना सत्राची सुट्टी असते. दिवाळी साधायची म्हणून मी आनंदाने मिरजेला आले, आणि निघताना ‘री-एंट्री’ परवाना घ्यायचा विसरले. देश सोडला त्या क्षणी वर्षाची मुदतवाढ रद्द! फराळ झाल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हजार बातचं (बात हे थाई चलन) काम होतं.

प्रश्न : मी पुण्याचा, इंग्रजी माध्यमातला, एम.ए. कोरिया आणि चीनमध्ये संधी आहे का? चीनमधली एक संस्था ‘बिझनेस व्हिसावर या’ म्हणते.

उत्तर : तुमचं माध्यम तिथे कुणी विचारत नाही, पासपोर्ट विचारतात. कोरियाचा ‘ई-2’ व्हिसा सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. त्यात दक्षिण आफ्रिका आहे, भारत नाही. 2010 पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात भारतीय इंग्रजी शिक्षकांसाठी एक फट ठेवलेली आहे, पण ती शाळांपुरती, आणि तिथे पदवीबरोबर शिक्षकाची पात्रताही लागते. तुम्ही बी.एड.चं काहीच लिहिलेलं नाही.

चीनमध्ये भाषा शिकवणारा त्या भाषेच्या देशाचाच नागरिक असावा असा नियम आहे, आणि नोकरीसाठी ‘झेड’ व्हिसा लागतो. बिझनेस व्हिसा बैठकांना जाणाऱ्यांचा. त्यावर वर्गात सापडलात तर दंड आणि हकालपट्टी तुमच्या वाट्याला. त्या संस्थेला एवढंच लिहा : माझ्या नावाचं कामाच्या परवान्याचं सूचनापत्र (झेड व्हिसासाठी लागणारं सरकारी पत्र) कधी पाठवता? ते खरंच आलं तर मला कळवा, मलाही बघायचंय.